प्रकाशाचे द्वैत आणि साहित्यिकांची उसनवारी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयात मराठी विभागाने भरवलेल्या चर्चासत्राला आम्ही दोघे गेलो होतो. (आमच्यापैकी एकजण साताऱ्यात मराठी शिकवतो, दुसरा सांगलीत पदार्थविज्ञान. त्यामुळे या लेखातला ‘आम्ही’ हा संपादकीय डौल नव्हे. ते द्विवचन आहे. मराठीत द्विवचन उरले नाही, म्हणून बहुवचनावर भागवतो.) जेवणानंतरच्या सत्रात एका प्राध्यापकांनी नव्या कवितेवर निबंध वाचला. कविता ही एकाच वेळी तरंगही असते आणि कणही असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाचकाची दृष्टी पडेपर्यंत ती तरंगरूपाने सर्व अर्थांत पसरलेली असते आणि दृष्टी पडताच एका अर्थात तिचा कण होतो. आईन्स्टाईन आणि बोर यांनी प्रकाशाविषयी हेच सांगितले आणि आपल्या पूर्वजांनी तर ते त्यांच्याही आधी सांगून ठेवले होते, असा समारोप झाला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विज्ञान आणि साहित्य यांच्या संगमाचे कौतुक केले. कृष्णाकाठी संगमाची उपमा सुचायला वेळ लागत नाही.

आम्ही गप्प बसलो. पाहुणे होतो, चहा यायचा होता, आणि निबंधवाचक गृहस्थ मनाने चांगले होते. त्या गप्प बसण्याची टोचणी पुढे लागली. दुसऱ्या वर्षी पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत तेच वाक्य तीनदा भेटले, तिन्ही वेळा ‘विज्ञानाने सिद्ध केल्याप्रमाणे’ या प्रस्तावनेसह. त्या वर्गातल्या एका मुलीने मात्र प्रश्न विचारला, ‘सर, कवितेचा कण म्हणजे नेमके काय?’ प्रश्न साधा होता आणि त्याला उत्तर नव्हते. न समजणारे वाक्य हेच खोल वाक्य, असा धडा आपण वर्गात देत असलो, तर त्याची किंमत ती मुलगी मोजते. मोठ्या चर्चासत्रांतल्या मोठ्या माणसांचे त्यात काही जात नाही. म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ‘तरंग-कण द्वैत’ हा शब्दप्रयोग साहित्यसमीक्षेत आज ज्या रीतीने वापरला जातो ती रीत चुकीची आहे. तिथे जाऊन चार गोष्टी उचलून आणण्यापेक्षा साहित्याच्या माणसाला त्या विषयात करण्यासारखे एक खरे काम आहे. ते काम रूपकांच्या तपासणीचे आहे, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे आपल्या अलंकारशास्त्रात पूर्वीपासून आहेत.

प्रथम ‘द्वैत’ हा शब्द घेऊ. इंग्रजी शब्दासाठी तो सहज सुचला असेल. पण मराठीत तो रिकाम्या हाताने येत नाही. मध्वाचार्यांचा द्वैतवाद, शंकराचार्यांचे अद्वैत, ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली ‘द्वैत मावळले’ ही कल्पना, हे सगळे लटांबर त्याच्या पाठीशी असते. द्वैत म्हटले की ते मावळलेच पाहिजे, अशी मराठी मनाची घडण आहे. मग प्रकाशाच्या बाबतीतही कुठेतरी एक परमतत्त्व असणार आणि तरंग व कण ही त्याची दोन मायारूपे असणार, असे वाटू लागते. भौतिकशास्त्रात असे काही म्हटलेले नाही. तिथला मुद्दा अधिक रुक्ष आणि आमच्या मते अधिक विलक्षण आहे.

परिभाषेचा विषय निघाला की सातारा जिल्ह्याचे नाव घेणे भाग आहे. मराठी विश्वकोशाचे घर वाईला. १९७६ साली पहिला खंड निघाला तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली, आणि १९९४ साली निधन होईपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही. प्राज्ञपाठशाळेत वेदान्त आणि न्याय शिकलेला हा माणूस; द्वैत-अद्वैताचा काथ्याकूट त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार? विश्वकोशाने भौतिकशास्त्रासाठी चालवलेले शब्द पाहावेत. प्रारण, कंप्रता, तरंगलांबी, व्यतिकरण, विवर्तन, अवरक्त, जंबुपार. त्यांची टिंगल करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हाला त्यांतले काही फार आवडतात. ‘जंबुपार’च घ्या. शाळेत आपण ‘तानापिहिनिपाजा’ घोकतो. त्यातला शेवटचा ‘जा’ म्हणजे जांभळा, म्हणजे जांभळाच्या फळाचा रंग, आणि त्या जांभळाच्या पलीकडचे ते जंबुपार. शब्दातच जागा सांगितली आहे. शाळेच्या पुस्तकांतून रूढ झालेला ‘अतिनील’ त्यापुढे ढिला वाटतो, कारण निळ्याच्या पलीकडे पारवा आणि जांभळा अजून शिल्लक असतात. सप्टेंबरात कासच्या पठारावर आपण ज्या फुलांचे फोटो काढतो, त्यांच्याकडे येणाऱ्या मधमाशीला हा जंबुपार भाग दिसतो आणि आपला तांबडा जवळजवळ दिसत नाही. तिच्या पोथीत ‘ता’ नाही, आणि ‘जा’च्या पुढे आणखी एक अक्षर आहे.

‘पुंज’ या शब्दाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. पुंज सिद्धांत, पुंजयामिकी. पुंज म्हणजे रास, ढीग. मराठीत हा शब्द सर्वांत जास्त भेटतो तो ‘तेजःपुंज’ या विशेषणात, आणि ते ऋषींच्या मुद्रेला लावायचे असते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘किती’ एवढाच आहे. माक्स प्लांक यांनी १९०० साली जे मांडले ते राशीविषयी नव्हते, परिमाणाविषयी होते. ऊर्जेची देवघेव हवी तितकी बारीक करता येत नाही. प्रत्येक कंप्रतेसाठी एक ठरलेले माप आहे, आणि व्यवहार त्या मापाच्या पूर्ण पटीतच होतो. आठवडे बाजारात याला फार चांगला शब्द आहे: वाटा. भाजीवाली पोत्यावर मिरच्यांचे वाटे लावून बसते. एक वाटा घ्या, दोन घ्या. अर्धा मागितलात तर ती तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. आईन्स्टाईन यांनी १९०५ साली एक पाऊल पुढे टाकले: देवघेवीतच नव्हे, प्रवासातही प्रकाश वाट्यांनीच असतो, असे समजून चालावे. ‘फोटॉन’ हे नाव पुढे १९२६ साली गिल्बर्ट लुईस या रसायनशास्त्रज्ञाने दिले आणि गंमत अशी की त्याला त्यातून थोडे निराळेच काही म्हणायचे होते. शब्द राहिला, अर्थ बदलला. भाषाशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखे हे उदाहरण आहे.

वाट्याचा आकार सगळीकडे सारखा नसतो, ही या प्रकरणातली मुख्य गोष्ट. समीक्षेत ती हमखास गळते. वाट्याची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले कंप्रता, हे एकच सूत्र वर्णपटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागू आहे. पण कंप्रता इतकी बदलते की एका टोकाला वाटा असूनही कळत नाही आणि दुसऱ्या टोकाला त्याच्याशिवाय काही कळत नाही. ही दोन्ही टोके आमच्या भागातच सापडतात.

सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली. मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे २४० मीटर तरंगलांबी. आमच्या पिढीने सकाळची भक्तिगीते आणि संध्याकाळचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम त्या लहरींवर ऐकले. (‘लहरी’ शब्दाचा दुसरा अर्थही तेव्हाच्या खरखरणाऱ्या रेडिओला लागू पडत असे.) या लहरींचा एक फोटॉन घेतला तर त्याची ऊर्जा पिवळसर हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनच्या सुमारे त्रेचाळीस कोटीव्या हिश्श्याइतकी भरते. एक वॅट शक्ती बाहेर पडायला दर सेकंदाला असे किती फोटॉन लागतील? १२ या आकड्यापुढे २६ शून्ये. खोलीतल्या साध्या उष्णतेमुळे अणूंची जी चुळबुळ चालू असते, तिची ऊर्जा या एका फोटॉनच्या जवळजवळ पन्नास लाख पट आहे. तेव्हा रेडिओच्या लहरीतला एकेक वाटा मोजायला बसणे म्हणजे कृष्णेचा पूर थेंबांत मोजणे. इथे तरंगाची भाषा पूर्णपणे पुरते. २४० मीटर लांबीच्या तरंगाला माणदेशातली टेकडी म्हणजे फार मोठा अडथळा नव्हे. तो तिला वळसा घालतो आणि पलीकडच्या वस्तीत गाणे वाजते.

आता सांगलीहून मिरजेला या. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय काढले आणि तेव्हापासून मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली. कर्नाटकातून, कोकणातून माणसे येतात आणि क्ष-किरणांच्या यंत्रासमोर उभी राहतात. तिथला एक फोटॉन, समजा साठ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, दृश्य प्रकाशाच्या फोटॉनच्या सुमारे सत्तावीस हजार पट ऊर्जेचा असतो. इथे मोजणी सुरू होते. मात्रा कमी ठेवून काढलेल्या प्रतिमेत रवाळपणा दिसतो. यंत्राचा दोष नसला तरी तो राहतो, कारण फोटॉनच इतके थोडे पोहोचलेले असतात की कुठे दोन जास्त पडले, कुठे दोन कमी, हे चित्रात उमटते. पावसाच्या पहिल्या सरीने अंगणात जशी ठिपक्यांची नक्षी होते, तसे. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ साली दाखवले की क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून गोटीसारखे ऊर्जा आणि संवेग देऊन पुढे जातात. फोटॉनवर विश्वास नसलेल्या बऱ्याच जणांची त्या प्रयोगाने पंचाईत झाली.

म्हणून रेडिओ म्हणजे तरंग आणि क्ष-किरण म्हणजे कण, अशी वाटणी करून मोकळे व्हावे असे वाटेल. तेही चालत नाही. कॉम्प्टनच्या अकरा वर्षे आधी, १९१२ साली, लाउए यांच्या सूचनेवरून क्ष-किरण स्फटिकातून सोडले गेले आणि तरंगांखेरीज ज्यांचा उलगडा होत नाही असे ठिपके पट्टीवर उमटले. अणूंच्या रांगा इतक्या जवळजवळ असतात की त्या बारीक तरंगलांबीला त्याच पुरतात. त्या पद्धतीने ब्रॅग पितापुत्रांनी स्फटिकांची रचना उलगडली आणि १९१५ चे नोबेल मिळवले. यातले थोरले ब्रॅग स्वतः आधी क्ष-किरण हे कणच आहेत असे हिरिरीने मांडत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार तरंग आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार कण, असा त्यांच्या नावावर सांगितला जाणारा विनोद आहे. रविवारी काय, ते त्यांनाच ठाऊक.

मधला पट्टा आपल्या डोळ्यांचा, आणि तिथे दोन्ही हिशेब एकत्र भेटतात. त्याचे उत्तम उदाहरण सांगलीच्या पेठेत पोत्यांनी भरलेले असते. हळद शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात, वर्षभर फोडणीत टाकतात; कढईतल्या उष्णतेने तिचा पिवळा रंग फारसा हलत नाही. पण पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला, साबणाने गेला नाही, तर घरातली मोठी बाई म्हणते, उन्हात टाक. संध्याकाळपर्यंत डाग फिका. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या अंधारात, हीच हळद वर्षानुवर्षे राहत असे. हळदीतला रंगद्रव्याचा रेणू साधारण ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतो (म्हणूनच उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो) आणि त्या एका फोटॉनच्या ऊर्जेवर त्याची मोडतोड सुरू होऊ शकते. तांबड्या प्रकाशाचे वाटे त्याला लागू पडत नाहीत, कितीही ओता. जुन्या फोटो स्टुडिओंतल्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा असे तो याच कारणाने. त्या दिव्याखाली छपाईचा कागद निवांत पडून राही आणि दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या एका तिरिपीने काळा होई. प्रश्न एकूण किती प्रकाश पडला एवढाच नसतो. एकेक वाटा केवढा, हा असतो. नुसत्या तरंगांच्या हिशेबाने हे समजावताना फार ओढाताण होते.

ओढाताण म्हटले, अशक्य म्हटले नाही. याला कारण आहे. प्रकाश तरंगच ठेवून आणि फक्त अणूला पुंज नियम लावून प्रकाशविद्युत परिणामाचा बराचसा उलगडा करता येतो, हे लॅम आणि स्कली यांनी १९६९ साली दाखवले. त्याच विलिस लॅम यांनी १९९५ साली ‘फोटॉन’ या शब्दाविरुद्धच एक लेख लिहिला; हा शब्द वापरायला परवाना लागावा, असे त्यांचे अर्धे थट्टेतले म्हणणे होते. नोबेल मिळवलेला माणूस भौतिकशास्त्रज्ञांना परवाना मागायला सांगतो, आणि आम्ही मराठीचे प्राध्यापक तो शब्द फुकटात कवितेला लावतो.

आता त्या चर्चासत्रातल्या मध्यवर्ती दाव्याकडे: वाचकाची दृष्टी पडताच तरंगाचा कण होतो. याच्यामागे असा समज आहे की प्रयोगात कोणीतरी जाणिवेने पाहिले म्हणून प्रकाश बदलतो. केंब्रिजमध्ये १९०९ साली जेफ्री टेलर या तरुणाने केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. वायूची ज्योत, तिच्यापुढे काजळी धरलेल्या काचा, एका पेटीत सुई आणि तिच्या सावलीच्या जागी छायाचित्रणाची पट्टी. काचा वाढवत वाढवत त्याने प्रकाश इतका मंद केला की सर्वांत लांब चित्राला सुमारे तीन महिने लागले. तरी सुईच्या सावलीच्या कडेला विवर्तनाचे पट्टे तसेच, तितकेच स्पष्ट. त्या तीन महिन्यांत पेटीत कोणी पाहत नव्हते. नोंद घेण्याचे काम चांदीच्या क्षाराचे बारीक रवे करत होते, एकावेळी एक. निरीक्षक म्हणतात तो हा. त्याला जाणीव नाही, संस्कार नाहीत, रसिकता तर नाहीच नाही.

टेलरचा प्रकाश मंद असला तरी त्यात एकावेळी एकच फोटॉन होता, असे आजच्या काटेकोर अर्थाने म्हणता येत नाही. ते काम १९८६ साली फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी केले. एकेकटा फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडला तर तो या बाजूला तरी नोंदला जातो किंवा त्या बाजूला. दोन्हीकडे अर्धा अर्धा कधीच नाही. वाटा अखंड. पण दोन्ही वाटा (हा शब्द इथे घात करतो, म्हणजे रस्ते) पुन्हा एकत्र आणल्या, तर त्याच उगमातून एकेकट्याने आलेले फोटॉन मिळून व्यतिकरणाचे पट्टे उमटवतात. कुठल्या रस्त्याने गेला याची खूण कुठेही उरली, कोणी वाचो न वाचो, की पट्टे जातात. संगती इतकी कडक आहे की प्रत्येक मांडणीसाठी काय दिसेल याचा आकडा आधी सांगता येतो. ‘दोन्हीही’ याचा अर्थ ‘काहीही’ असा होत नाही. चर्चासत्रातल्या कवितेबाबत मात्र तो तसाच होता. कुठला अर्थ कितपत संभवनीय, कोणत्या वाचनात कोणता अर्थ येऊच शकत नाही, याबद्दल त्या निबंधात अक्षर नव्हते.

साहित्यिकांनाच दोष देऊन मोकळे होणे योग्य नव्हे. १९९६ साली अॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने एका अमेरिकी नियतकालिकात पुंज सिद्धांत आणि संस्कृतिसमीक्षा यांची मुद्दाम रचलेली खिचडी छापून आणली आणि मग हसत हसत ती उघड केली. तेव्हापासून वैज्ञानिक मंडळी आमच्याकडे जरा वरून पाहतात. पण बोर यांनीच १९४७ साली मिळालेल्या मानचिन्हावर चिनी यिन-यांगचे चित्र घातले होते, आणि श्रोडिंगर वेदान्तावर मनापासून लिहीत. त्यांना तो हक्क होता. फक्त एवढे लक्षात ठेवावे की श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणात उपनिषद नाही. ते समीकरण वेदान्त न मानणाऱ्यालाही तेच उत्तर देते.

मग साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे करायचे काय? आमचे उत्तर असे. ‘तरंग’ आणि ‘कण’ हे दोन्ही शब्द प्रकाशाचे नाहीत. एक नदीवरून आणलेला आहे आणि दुसरा धान्याच्या कोठीतून. ती उपमाने आहेत. उपमेचे चार भाग आपण शाळेत शिकवतो: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साधर्म्यवाचक शब्द. त्यांतला साधारण धर्म हा कळीचा. मुखाला चंद्र म्हणताना आल्हादकता तेवढी घ्यायची असते. चंद्रावरचा डाग नव्हे, कलेकलेने कमी होणे नव्हे. प्रकाश तरंगासारखा आहे, याचा साधारण धर्म एवढाच की दोन तरंग भेटले की कुठे वाढतात, कुठे एकमेकांना पुसतात. त्याच्यासाठी पाणी लागत नाही. खाली काहीतरी हलत असले पाहिजे, हेही लागत नाही. तसेच, प्रकाश कणासारखा आहे याचा साधारण धर्म एवढाच की नोंद होते ती पूर्ण, एकगठ्ठा. त्या कणाला कडा आहे, तो वाटेत क्षणोक्षणी कुठल्यातरी एका बिंदूवर असतो, असे त्यात कुठेही सांगितलेले नाही.

कणाची उपमा किती तोकडी आहे, हे ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली दाखवले. हा भाग साहित्याच्या वर्गात थोडा वेळ काढून सांगावा. दोन जोंधळ्याचे दाणे आणि दोन वाट्या घ्या. दाणे टाकण्याच्या रीती चार: दोन्ही पहिलीत, दोन्ही दुसरीत, हा इकडे तो तिकडे, तो इकडे हा तिकडे. फोटॉनच्या बाबतीत शेवटच्या दोन रीती दोन नसतातच. तिथे ‘हा’ आणि ‘तो’ असे काही नाही. म्हणून रीती तीन, आणि तिघींनाही सारखा मान. दोन्ही फोटॉन एकत्र सापडण्याची शक्यता दोनातून एकाऐवजी तिनातून दोन होते. हा हिशेब लावला तरच प्लांकचे सूत्र नीट निघते. इंग्रजी नियतकालिकाकडून दाद मिळाली नाही, तेव्हा बोस यांनी तो लेख आईन्स्टाईनकडे पाठवला आणि आईन्स्टाईन यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला. ज्याला स्वतःची ओळख नाही, ज्याच्यापुढे दर्शक सर्वनाम वापरता येत नाही, तो कसला कण? व्याकरणच तिथे हात टेकते.

उपमान साधारण धर्माच्या बाहेर ओढले की गोंधळ होतो, हे आपल्याला माहीत आहे. उपमेतला ‘सारखा’ गाळून रूपक झाले, रूपक वापरून वापरून मेले, मेलेल्या रूपकाला आपण वस्तू समजलो. आणि मग तरंग व कण एकत्र कसे नांदतात असा अचंबा करत बसलो. नांदायचा प्रश्न आपल्या दोन उपमानांचा आहे. प्रकाशाने तशी तक्रार कधी केलेली नाही. प्रकाशाला नीट बसेल असा एकच अलंकार आपल्या यादीत आहे आणि तो म्हणजे अनन्वय: ज्याला दुसरे उपमान मिळत नाही, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते. ही कोटी वाटेल, पण गणित जाणणारा भौतिकशास्त्रज्ञ प्रत्यक्षात तेच करतो. तो समीकरण मांडतो आणि तरंग की कण हा प्रश्न बाजूला ठेवतो.

यावर आमच्या एका मित्राचा आक्षेप आहे, तोही नोंदवतो. कवीला असे नियम लावायचे का? मर्ढेकरांनी यंत्रयुगातले शब्द कवितेत आणले तेव्हा कोणी त्यांच्याकडे परवाना मागितला होता? आमचे म्हणणे असे की कवीला कसलाही परवाना लागत नाही. त्याने फोटॉनला हळद लावावी, बोहल्यावर चढवावे. कवितेतले विधान सिद्ध करायचे नसते. समीक्षकाचे करायचे असते, आणि ‘विज्ञानाने सिद्ध केल्याप्रमाणे’ असे म्हणून जो स्वतःच्या मताला दुसऱ्याच्या प्रयोगशाळेची जामीनदारी घेतो, त्याला कागदपत्रे विचारणे रास्त आहे.

आम्ही स्वतः एक लहानसा उपद्व्याप करून पाहिला. मार्चच्या उन्हात, मराठीच्या वर्गातल्या मुलांना गच्चीवर नेले. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला पांढरा कपडा, त्याच्या एका भागावर लाल जिलेटिनचा कागद, दुसऱ्यावर निळा, तिसरा उघडा. दोन दिवसांनी उघडा भाग पार उडाला होता, निळ्याखालचा बऱ्यापैकी फिका, लालखालचा जवळजवळ तसाच पिवळा. मुलांनी भरपूर वाद घातला. लाल कागदाखाली ऊन कमी लागले असेल, असे एकजण म्हणाला. दुसऱ्याने हात लावून बघितले, तिथेही गरमच होते. मग आम्ही त्यांना उपमेचे चार रकाने आखून दिले आणि प्रकाशासाठी भरायला सांगितले. कवितेचा कण विचारणाऱ्या मुलीची धाकटी बहीण या वर्गात होती. तिने उपमेयाच्या रकान्यात ‘प्रकाश’ लिहिले, साधारण धर्माच्या रकान्यात पाच ओळी लिहिल्या, आणि उपमानाचा रकाना रिकामा ठेवून समोर पेन्सिलीने लिहिले: विचारून सांगते.